ब गटातला माणूस

“तुम्ही ब गटात होतात,” टेबलामागची बाई म्हणाली आणि हसली. पोराचा निकाल लागल्यावर शेजारीण हसते तशी. तपासनीस खुर्चीत ताठ बसून होता, दोन्ही हात मांड्यांवर. वजनमापे खात्यात एकोणतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. कुठेही गेला तरी कुणाची तरी झडती घ्यायला आल्यासारखाच बसायचा. सहा महिने, दर दुसऱ्या मंगळवारी, तो दुसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत येत होता. मधुमेहावर पूर्वापार दिल्या जाणाऱ्या एका कडू वेलीच्या पाल्याची इथे चाचणी चालली होती. एकशेवीस माणसं, निम्म्यांना पाला, निम्म्यांना पाल्यासारखं दिसणारं काहीतरी, आणि कुणाला काय ते शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नाही. आज ते फोडून सांगायचा दिवस होता. “ब म्हणजे कुठला?” त्याने विचारलं. “ब म्हणजे बिनपाल्याचा,” ती म्हणाली. “तुमच्या कॅप्सूलमध्ये मक्याचं पीठ होतं. पण आकडा बघा ना तुमचा. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊ पूर्णांक एक होती, आता सात. अख्ख्या चाचणीत पहिल्या पाचांत आहात तुम्ही.” तपासनीसाला पहिल्यांदा एवढंच सुचलं, “पण ती कडू होती.” बाई पुन्हा हसली. “कडू लागायलाच हवी. नाहीतर लोक लगेच ओळखतात. वरून लेप असतो तसा.”

वरून लेप. त्याच्या कानशिलाची शीर उडायला लागली. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं, शिशावर खात्याचा शिक्का. लबाड दुकानदार शिसं कोरून काढतो, भोक लाखेने बुजवतो, वर काळा रंग फासतो. दिसायला वजन ते वजनच. पण तपासनीसाने नुसतं तळहातावर घेतलं की त्याला कळायचं. काट्याची गरज पडायची नाही. नवे शिकाऊ लोक डोळे फाडून बघायचे, आणि त्याला ते आवडायचं. मागे वळून बघायचा नाही, पण आपल्याकडे बघतायत हे पाठीला कळायचं. त्या हाताने सहा महिने, दिवसाला दोन याप्रमाणे, मक्याचं पीठ तोंडात टाकलं होतं. ढेकर कडू आला की मनाशी म्हणायचा, खरा माल आहे. दोन बोटांत कॅप्सूल धरून उजेडात बघायचा आणि म्हणायचा, मला काय फसवतायत, मला खरीच मिळालीय. आणि फसवणूक म्हणावी तर तेही नाही. पहिल्याच दिवशी त्याने नऊ पानांचा कागद ओळ न ओळ वाचून सही केली होती. उलट बाईला सुनावलं होतं, तुमचा वजनकाटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, आधी तो तपासून आणा. पुढच्या खेपेला तिने तो खरंच तपासून आणला होता. म्हणजे रागवायला समोर माणूसही नव्हता. त्याचा राग आणखी भडकला.

डॉक्टरीणबाई आतल्या खोलीतून आल्या, घाईत, चष्मा कपाळावर. त्याने विचारलं, “ज्यांना पाला मिळाला त्यांचं काय झालं?” “त्यांचीही उतरली,” त्या म्हणाल्या. “थोडी तुमच्या गटापेक्षा जास्त. पण तो फरक एवढा बारीक आहे की तो पाल्यामुळेच असं छातीठोकपणे सांगता येत नाही.” “म्हणजे पाला काही करत नाही.” “तसंही सांगता येत नाही. एकशेवीस माणसांवरून नाही कळत. आणखी मोठी चाचणी हवी.” “मग माझी कशाने उतरली?” त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “तुम्ही चालायला लागलात. खाण्याकडे लक्ष दिलंत. एकही गोळी चुकवली नाहीत. माणसाकडे कुणी नियमित बघत असलं की असं होतं. तुमच्या नेहमीच्या गोळ्या तुम्ही चालू ठेवल्या होत्या ना?” “हो,” तपासनीस म्हणाला. “ती तुमची अटच होती.” आणि हे शब्द तोंडातून बाहेर पडता पडता त्याला बेबी आठवली.

बेबी म्हणजे त्याची धाकटी बहीण. चोपन्न वर्षांची बेबी, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, कपड्यांची दुरुस्ती करणारी; लोकांच्या पँटी आखूड कर, कमरेत सैल कर, चेन बदल. तिला मधुमेह बारा वर्षांचा, त्याच्याहून जुना. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या डाव्या पायाची दोन बोटं काढली होती. शिवणाच्या मशीनखाली पडलेली टाचणी तळव्यात घुसली आणि तिला कळलंच नाही. चार दिवस ती टाचणी पायात घेऊन पायडल मारत होती. पाय सुजून चपलेत मावेना तेव्हा मेहुण्याने बघितलं. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर चारशे बावीस. गोळ्या तिने चार महिन्यांपूर्वीच सोडल्या होत्या, आणि तिच्या परसात कुंपणावर माजलेल्या त्या वेलीचा पाला उकळून पीत होती.

तपासनीस जिना उतरला, रस्त्याला लागला. ऊन डोक्यावर आलं होतं. बससाठी उभा न राहता तो चालत सुटला, कारण उभं राहणं शक्य नव्हतं. चालणं. त्याला स्वतःच्या पायांचाही संताप आला. सहा महिने हेच पाय सकाळी चार किलोमीटर जात होते, कारण मंगळवारी ती बाई विचारायची, “किती चाललात?” आणि त्याला खोटं सांगता यायचं नाही. बायको गेल्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून तो ओट्याशी उभ्याउभ्याच काहीबाही खायचा, पातेल्यातूनच, शिळं असो गार असो. त्याने काय खाल्लं हे जगात कुणाला माहीत नव्हतं, तर ते खाल्लं काय न खाल्लं काय. आणि मग ही बाई वही उघडून विचारायला लागली, काल दुपारी काय घेतलंत, भात किती, पाव किती, मध्ये काही तोंडात टाकलंत का. पहिल्यांदा त्याला हसू आलं होतं. नंतर मंगळवारच्या आदल्या दिवशी तो ताट वाढून, बसून जेवायला लागला, नंतर रोजच. महिन्यातून एकदा ती बुटक्या स्टुलावर बसून त्याचा पाय आपल्या गुडघ्यावर घ्यायची आणि नायलॉनचा एक ताठ दोरा तळव्याला टेकवायची. “डोळे मिटा. जाणवलं की सांगा.” अंगठ्याखाली, टाचेवर, करंगळीच्या मुळाशी. जाणवलं, जाणवलं, जाणवलं. बोटांच्या बेचक्यासुद्धा फाकवून बघायची. त्याला ओशाळल्यासारखं व्हायचं, कारण त्याचे तळवे बायकोनेसुद्धा असे कधी बघितले नव्हते. बेबीचे कुणी बघितले होते? बारा वर्षांत कुणी एक दोरा टेकवला असता तर कळलं असतं की तिथे काही उरलेलंच नाही. आणि हा राग तो त्या बाईवर काढू बघत होता, डॉक्टरणीवर, मक्याच्या पिठावर, आणि तो कुठेच टिकत नव्हता. घसरून पुन्हा त्याच्याकडेच येत होता.

मी काय सांगितलं होतं तिला? पुलाच्या कठड्याशी आल्यावर त्याने स्वतःला जबाब विचारायला सुरुवात केली, दुकानदाराला विचारायचा तसा, एकेक शब्द सुटा करून. मी तिला फक्त माझा आकडा सांगितला. बरं. मग? मग तिनेच विचारलं, पाल्याने का? मी म्हटलं, हो. बरं. गोळ्यांचं कुणी काढलं? तिनेच काढलं. म्हणाली, गोळ्यांनी पोट बिघडतं रे माझं. नक्की? नक्की. इथे तो थांबला, कारण शेकडो दुकानदारांच्या तोंडून ऐकलेलं हे “नक्की” त्याला चांगलं ओळखीचं होतं. ते आलं की तो समजायचा, आता वजनांची पेटी उघडायला लावायची. त्याने उघडली. बेबीचं स्वयंपाकघर, संध्याकाळचे सहा, मेहुणा कामावर, शेजारची मास्तरीणबाई चहाला आलेली, आणि कोपऱ्यावरचा न्हावी पँट न्यायला आलेला, तोही दारात टेकलेला. तिघांनाही मधुमेह, तिघं ऐकतायत. तो सांगतोय, दर खेपेला साखर कशी उतरत गेली ते. टेबलावर बेबीच्या गोळ्यांची पट्टी पडलेली. त्याने ती उचलली, दोन बोटांत धरून सगळ्यांना दाखवली आणि वरच्या फळीवर ठेवून दिली. “यांना आता सुट्टी दे,” तो म्हणाला होता. न्हावी हसला होता. आणि त्या दिवशी सकाळी त्याने स्वतः आपल्या गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या होत्या. ते त्याने सांगितलं नाही. विसरला नव्हता. सांगितलं नाही, कारण पाल्याने, गोळ्यांनी आणि चालण्याने मिळून साखर उतरली, हे ऐकायला कोण थांबलं असतं? नुसत्या पाल्याने उतरली म्हटल्यावर तिघं श्वास रोखून ऐकत होती.

आणि एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण बोटं काढल्यावर दवाखान्यात तो बेबीच्या खाटेशी गेला होता. पाय चादरीखाली होता. चादर त्या जागी जरा बसली होती, तिकडे बघायचं नाही असं ठरवूनच गेला होता. “किती पानं घालत होतीस?” त्याने विचारलं होतं. “सहा-सात.” “मोजून? नेमाने? उकळून निम्मं करत होतीस की नुसतं भिजवून?” ती म्हणाली होती, “काम असलं की कधी राहायचं.” “तेच. तुझं लहानपणापासून असंच आहे बेबी. धरसोड. कुठल्या गोष्टीला धरबंद नाही.” ती छताकडे बघत म्हणाली, “चुकलंच माझं, दादा.” आणि त्याने, या माणसाने, ती कबुली तिच्याकडून पदरात पाडून घेतली होती. नाही म्हटलं नव्हतं. निघताना तिच्या उशाशी मोसंबी ठेवली होती.

बेबीच्या घराचं दार उघडंच होतं, आणि आतून तोच वास आला, ओल्या पालापाचोळ्याचा, घशाला लागणारा. मेहुणा शेगडीपाशी उभा होता. बसवर वाहक आहे तो. दुपारच्या पाळीला जायच्या आधी आटपत होता. पातेलं उकळत होतं. बेबी खिडकीशी बसलेली, बांधलेला पाय समोर पाटावर, मांडीवर कुणाची तरी पँट, हातात उसवायचं पातं. “ये दादा,” ती म्हणाली. “आता वेळेवर घेतेय बरं का. सकाळ-संध्याकाळ. चौदा पानं, मोजून.” मेहुणा म्हणाला, “निम्मं झालं की उतरवतो. तुम्ही म्हणालात तसंच.” तपासनीसाने विचारलं, “इन्सुलिनची इंजेक्शनं?” मेहुण्याने बेबीकडे बघितलं. बेबी म्हणाली, “घेते की. एखादं राहतं. पाला घेतल्यावर पुन्हा ते कशाला म्हणून संध्याकाळचं ठेवते.” तपासनीस शेगडीपाशी गेला, फडक्याने पातेलं धरलं आणि सगळं मोरीत ओतलं. थोडं त्याच्या पायावर उडालं. मेहुणा ओरडला, “अहो, हे काय करता?” बेबी ओरडली नाही. पातं थांबवून बघत राहिली.

मग त्याने सांगितलं. उभ्यानेच सांगितलं, ओट्याला टेकून. ब गट, मक्याचं पीठ, वरचा लेप. बोलताना आवाज चढत होता, जणू तीच खोटं बोलली होती. बेबीने सगळं ऐकून घेतलं. “मग तुझी उतरली कशाने?” “चालण्याने. खाण्याने. गोळ्यांनी. मला माहीत नाही.” “गोळ्या तू घेत होतास?” “हो.” “त्या दिवशीसुद्धा? पट्टी वर ठेवलीस त्या दिवशी?” “हो.” मेहुण्याने शेगडी बंद केली. बाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं, तिची घोडी दोनदा निसटली. बेबीने पँटीची शिवण चिमटीत धरली आणि एक टाका उसवला, मग आणखी एक. “दवाखान्यात तू मला धरसोड म्हणालास,” ती म्हणाली. “मी म्हटलं, चुकलं माझं. तू ऐकून घेतलंस.” तिने पातं खाली ठेवलं. “तिथे दोन गट होते ना? अ आणि ब?” “हो.” “मग माझी बोटं कुठल्या गटात, दादा?”

अशा वेळी माणसाने खाली बसावं, काहीतरी म्हणावं. तपासनीसाच्या तोंडून जे आलं ते असं: “मी काय तुझ्यावर बळजबरी केली होती?” ते ऐकून त्यालाच शिसारी आली, पण शब्द परत घेता येत नव्हता. बेबीच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. लहानपणी ती रागावली की असे उठायचे. पण ती त्याच्यावर कधी रागवायची नाही, आईवर, मैत्रिणींवर, मांजरावर रागवायची, दादावर नाही. “बळजबरी केली असतीस तर मी ऐकलं नसतं,” ती म्हणाली. “तू खात्रीने सांगितलंस. अख्खा जन्म तू खात्रीने सांगत आलास आणि मी ऐकत आले. शाळा सोडायची तेव्हा, लग्नाच्या वेळी, हे घर घेताना. मला वाटायचं, दादा तपासल्याशिवाय बोलत नाही.” मेहुणा मध्ये येऊन हळू म्हणाला, “तुम्ही आता निघा.” ती म्हणाली, “जा दादा. पण त्या दिवशी इथे बसून ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांना सांगून मग घरी जा. इथे उभा राहून रडू नकोस.” तो रडत नव्हता. निदान त्याला तसं वाटत होतं.

न्हाव्याकडे एक गिऱ्हाईक होतं, तोंडाला साबण लावलेलं. तपासनीसाने दारातूनच सांगितलं, पाला बंद कर, गोळ्या चालू कर. न्हाव्याने वस्तरा पुसला. “पण मला गुण आलाय.” “साखर तपासलीस?” “तपासायची काय? अंगाला कळतं. हलकं वाटतं.” “तुझ्या अंगाला काही कळत नाही.” तो इतका मोठ्याने बोलला की गिऱ्हाईक मागे सरकलं. “बेबीच्या अंगाला टाचणी कळली नव्हती.” न्हावी म्हणाला, “त्यांनी नेमाने घेतला नसेल. तुम्हीच म्हणाला होतात की मागे.” तपासनीसाचा हात उठला होता. वस्तरा न्हाव्याच्या हातात होता म्हणून की काय, तो खाली आला. मास्तरीणबाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “या मोठ्या दवाखान्यांना पाला नकोच असतो हो. तुम्हाला सांगितलं असेल त्यांनी तसं.” त्याने सांगितलं की कुणी सांगितलं नाही, आपण पीठच खात होतो. “आणि तरी उतरली,” त्या म्हणाल्या. “मग पाल्याने तर किती उतरली असती.” एका संध्याकाळी त्याच्या एका वाक्याने तिघं वेलीकडे वळली होती. आता तासभर घसा फोडून दोघांपैकी एकालाही वळवता येत नव्हतं. घरी आल्यावर त्याने बूट काढून भिंतीवर फेकले. एकाची टाच निघाली.

पुढच्या मंगळवारी त्याला बोलावलेलं नव्हतं, तरी तो गेला. बाई फायली बांधत होती. “माझी फाईल काढा,” तो म्हणाला. “दुष्परिणाम म्हणून रकाना आहे त्यात. तिथे माझ्या बहिणीचं लिहा. डाव्या पायाची दोन बोटं.” बाईला आधी कळेना. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. “पण त्या आपल्या चाचणीत नव्हत्या.” “नव्हती. म्हणूनच तिचा पाय कुणी गुडघ्यावर घेतला नाही. मी इथून आकडे घेऊन जायचो आणि तिला पाजायचो. लिहा.” “मला तिथे लिहिता येत नाही, खरंच.” तिच्यावर ओरडून काही उपयोग नाही हे त्याला दिसत होतं, आणि तरी तो ओरडला. शेवटी तिने एक कोरा कागद पुढे सारला. म्हणाली, “तुम्ही लिहून द्या. मी डॉक्टरांच्या हातात देते. पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही.” त्याने लिहिलं. खात्यातल्या सवयीने, तारीख, ठिकाण, कुणासमोर. कुणी सांगितलं, या ठिकाणी स्वतःचं नाव घालताना त्याचं पेन कागदातून आरपार गेलं. मग खाली सही केली. बाईने कागद वाचला आणि म्हणाली, “त्यांच्या पायाची जखम आता कोण बघतं?” “नवरा.” “रोज?” त्याला ठाऊक नव्हतं.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी अकराला बेबीला फोन करायला लागला. सल्ला द्यायचा नाही, खात्रीने काही बोलायचं नाही, फक्त विचारायचं. पहिल्या दिवशी विचारलं, “पाय बघितला का कुणी?” तिने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी उचललाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, “काय खाल्लंस?” ती म्हणाली, “तुझं डोकं.” आणि ठेवला. त्याला राग येत होता. आपण रोज थोबाडीत खायला गाल पुढे करतोय असं वाटायचं, आणि या वयात, आणि हिच्याकडून. मग दहा वाजल्यापासून तो फोनकडे बघत बसायचा. एकदा मेहुण्याने उचलला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “जखम कडेने भरतेय, सुकतेय असं दवाखान्यात म्हणाले. तिला सांगू नका मी सांगितलं म्हणून.” एकदा तिने फोन उचलून काहीच न बोलता मशीनशेजारी ठेवून दिला, आणि तो पाऊण तास मशीनचा आवाज ऐकत राहिला. मोटर बसवली होती तिने, आवाज पायडलचा नव्हता. फोन ठेवायचा तिनेच, असं त्याने ठरवलं होतं, म्हणून ऐकत राहिला.

सोळाव्या दिवशी त्याने तोंड उघडायच्या आत ती बोलली. “काल दवाखान्यात जाऊन आले. दोन्ही वेळची इंजेक्शनं चालू केलीत. पायांना बिनशिवणीचे मोजे सांगितलेत. कुंपणावरची वेल उपटून टाकलीय, मुळासकट.” तो म्हणाला, “बरं केलंस.” “थांब,” ती म्हणाली. “मी विचारलं तिथे. तीन जणांना विचारलं, कागद वाचून घेतला, मगच हो म्हटलं. तुझ्या सांगण्यावरून गेले नाही, एवढं लक्षात ठेव.”